पेशी हुकमाची ताबेदार नाही

2023 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला. आपल्या अनेक पेशींच्या पृष्ठभागावर 'फास' नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या नेमक्या कोणत्या भागाशी छेडछाड केली की पेशी मरणाच्या वाटेला लागते, हे जोगेंदर तुशीर-सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात दाखवलं. काम मोलाचं होतं. पण जगभर बातमी झाली ती 'कर्करोगाचा किल स्विच सापडला' अशी. आपल्याकडेही ती मोबाइलवरून पोचली, अजूनही अधूनमधून नव्याने फिरते, आणि दर वेळी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, बटण सापडलंय, पण औषध कंपन्या ते आपल्यापर्यंत पोचू देत नाहीत. दुसरी म्हणते, असले शोध दर महिन्याला लागतात, उंदीर बरे होतात आणि माणसं मरायची ती मरतातच. हा पैसा सरळ रुग्णालयांवर खर्च करा. एकाला या संशोधनात चमत्कार दिसतो, दुसऱ्याला उधळपट्टी. मला दोघांची चूक एकच वाटते. पेशीच्या दारात हुकूम सोडला की पेशीने मरायला हवं, असं दोघांनीही धरून ठेवलं आहे. ती मरत नाही म्हटल्यावर एक कटाचा संशय घेतो, दुसरा विज्ञानाला नावं ठेवतो. फास आणि त्याच्या भावंडांना शास्त्रज्ञ 'डेथ रिसेप्टर' म्हणतात. गेल्या पस्तीस वर्षांत त्यांच्याबद्दल जे कळलं आहे ते वेगळंच सांगतं: रिसेप्टर बाहेरची खबर आत पोचवतो, निर्णय पेशीच्या आत होतो. हे नीट समजलं तर आपण या बातम्यांकडून काय अपेक्षा ठेवायची आणि सार्वजनिक पैसा कुठे घालायचा, दोन्ही बदलेल.

बटणाच्या कल्पनेत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. 1989 मध्ये जपानमध्ये शिन योनेहारा आणि जर्मनीत पीटर क्रामर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपिंड शोधले, की जे काही पेशींवर टाकले की त्या पेशी मरत. 1991 मध्ये ओसाकाच्या शिगेकाझू नागाता यांच्या गटाने त्यामागचं जनुक हाती घेतलं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की लसीकाग्रंथी सुजणाऱ्या आणि स्वतःच्याच शरीरावर प्रतिकारशक्ती उलटणाऱ्या एका जुन्या, प्रसिद्ध उंदीरजातीत नेमकं हेच जनुक बिघडलेलं असतं. 1995 मध्ये तोच बिघाड माणसांच्या मुलांतही सापडला: मानेत गाठी, वाढलेली प्लीहा, स्वतःच्याच रक्तपेशींचा नाश. काम संपलेल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपाई पेशींना, निरोप देणारं जनुक मोडलं, आणि त्या पेशी घर सोडेनात. एक प्रथिन मोडल्यावर एवढा अनर्थ होतो, मग त्याला बटण का म्हणू नये? त्यामागची साखळीही सुटसुटीत वाटते. बाहेरून तीन हातांचा रेणू येतो, पृष्ठभागावरचे रिसेप्टर एकत्र गोळा होतात, त्यांच्या आतल्या शेपट्यांशी 'फॅड' नावाचं प्रथिन जुळतं, त्याच्याशी कॅस्पेस-8 हे विकर. कॅस्पेस-8 चे रेणू एकमेकांजवळ आले की कापाकापी सुरू करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी बघावी: पसरलेली असते ती गोळा होते, पृष्ठभागावर फुगे येऊ लागतात, केंद्रक आक्रसतं, मग तिचे आवरणबंद तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सांडलवंड नाही, सूज नाही. हे ज्याने एकदा पाहिलं त्याला असंच वाटणार की कर्करोगाच्या पेशीला एवढंच करायला लावलं की झालं.

हे बटण जिवंत शरीरात दाबलं तर काय होतं, याचं उत्तर नागातांच्या गटाला 1993 मध्ये मिळालं, आणि ते भयंकर होतं. फासला चिथावणारा प्रतिपिंड त्यांनी उंदरांना टोचला. उंदीर काही तासांत मेले. शवविच्छेदनात यकृत उद्ध्वस्त झालेलं दिसलं. फास हे कर्करोगाच्या पेशींचं खासगी प्रथिन नाही, यकृताच्या पेशींवरही ते भरपूर असतं, आणि तिथे ते अत्यंत तत्परतेने ऐकलं जातं. किल स्विचच्या बातम्या वाचताना मला हे उंदीर आठवतात. 'सापडला' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायला हवा: कोणाच्या पेशीत? आणि यकृताचं काय? डेव्हिसच्या शोधाचं महत्त्वही तिथेच आहे. फासच्या कोणत्या भागाला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे कळलं तर तो धोका टाळत पुढे जाता येईल अशी आशा त्यात आहे. बातमीने नेमका हा भाग गाळला.

पण यकृताचा धोका ही या गोष्टीची अर्धीच बाजू. उरलेली अर्धी अधिक खोल आहे आणि ती समजायला टीएनएफची कथा पाहावी लागते. 1890 च्या दशकात न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली कर्करुग्णांना जंतू आणि त्यांची विषं टोचत, कारण तीव्र संसर्गानंतर काहींच्या गाठी विरघळताना त्यांनी पाहिल्या होत्या. 1975 मध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने त्यामागचा एक घटक उंदरांच्या रक्तद्रवात ओळखला: बीसीजी दिलेल्या उंदरांना जंतूंचं विष टोचलं की रक्तात असं काही उतरत होतं, ज्याने गाठी काळ्या पडून सडत. म्हणून नाव पडलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीएनएफ. 1984 मध्ये जनुक हाती आलं, प्रयोगशाळेत रेणू बनू लागला, आणि तेव्हाही अशीच लाट उसळली होती. मग तो रुग्णांना शिरेतून देऊन पाहिला. ताप, थंडी, रक्तदाब कोसळणं. गाठींना धक्का लागेल एवढा डोस माणूस सोसू शकत नव्हता. शेवटी तो एका अरुंद जागी उपयोगी ठरला: हातापायातल्या गाठीसाठी त्या अवयवाचा रक्तप्रवाह उरलेल्या शरीरापासून तोडून, केमोथेरपीच्या औषधाबरोबर, फक्त तिथेच.

असं का झालं? टीएनएफ ज्या रिसेप्टरला चिकटतो त्याचा फासशी सख्खा संबंध, आतली शेपटीही तशाच घडणीची. तरीही बहुतेक निरोगी पेशींवर नुसता टीएनएफ टाकला तर त्या मरत नाहीत. प्रयोगशाळेत त्या मारायच्या असतील तर सोबत प्रथिननिर्मिती बंद पाडणारं रसायन घालावं लागतं. कारण टीएनएफची खबर पोचताच पेशी आधी बचावाची तयारी करते: एनएफ-कॅपा-बी नावाची यंत्रणा जागी होते आणि जगण्याला मदत करणारी, दाह पेटवणारी प्रथिनं तयार होऊ लागतात. 1996 मध्ये हा बचाव काढून घेतला की पेशी मरते हे सिद्ध झालं. 2003 मध्ये मिशो आणि चॉप यांनी दाखवलं की एकाच रिसेप्टरपासून दोन वेगवेगळे प्रथिनसमूह बनतात. पहिला पटलाला चिकटून बसतो आणि जगण्याचा संदेश पाठवतो. दुसरा नंतर आत पेशीद्रवात जुळतो, आणि पहिल्याचं काम फसलं असेल तरच त्यातून मृत्यू येतो. खबर तीच, दारही तेच. उत्तर ठरतं ते आत काय शिल्लक आहे यावर.

याहून धक्कादायक गोष्ट कॅस्पेस-8 ची. ज्याला आपण मारेकरी समजतो ते विकर उंदराच्या भ्रूणातून काढून टाकलं, तर भ्रूण जगायला हवा होता. तो गर्भातच मरतो. कॅस्पेस-8 एकीकडे नीटनेटका मृत्यू घडवतं आणि दुसरीकडे एका दुसऱ्या, फुटून सांडणाऱ्या मृत्यूचा रस्ता अडवून धरतं. 2011 मध्ये त्या दुसऱ्या रस्त्यावरचं आरआयपीके-3 हे प्रथिनही सोबत काढून टाकल्यावर भ्रूण वाचले. म्हणजे ज्या रेणूला मृत्यूचं हत्यार म्हणून शिकवलं जातं त्याच्यावर जन्माला येणं अवलंबून आहे. बटण दाबलं की दिवा विझतो, या चित्रात हे कुठे बसवणार?

अजून एक प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल तो लावतो. 2009 मध्ये हार्वर्डच्या सबरीना स्पेन्सर, पीटर सॉर्गर आणि सहकाऱ्यांनी एकाच वंशाच्या पेशींवर ट्रेल नावाचा, याच कुटुंबातला रेणू टाकला आणि एकेक पेशी तासन् तास टिपत बसले. जनुकं तीच, पेशी वाढवायची बशी तीच, डोस तोच. काही पेशी लवकर मेल्या, काही बऱ्याच उशिरा, काही मेल्याच नाहीत. मग त्यांनी सख्ख्या बहिणी, म्हणजे एकाच पेशीच्या विभाजनातून झालेल्या जोड्या पाहिल्या. नुकत्याच वेगळ्या झालेल्या बहिणी जवळजवळ एकाच वेळी मरत होत्या. विभाजनाला जितका वेळ उलटला तितकं त्यांचं नशीब फटकून वागत होतं. कारण जनुकांत नव्हतं. विभाजनाच्या वेळी दोघींना साधारण सारखी प्रथिनं वाटून मिळाली होती, आणि पुढे प्रत्येकीचा तो साठा आपापल्या चालीने वरखाली होत गेला होता. त्या साठ्यात मृत्यूला ढकलणारी प्रथिनं असतात, तशीच त्याला अडवणारीही: रिसेप्टरपाशीच कॅस्पेस-8 ची जागा अडवून बसणारं फ्लिप, पुढे कॅस्पेसना आवळून धरणारं झिआप. शिवाय सगळ्या पेशींचा रस्ता सारखा नसतो. थायमसमधल्या टी-पेशीत रिसेप्टरपासून निघालेला धक्का थेट पुरतो, तर यकृताच्या पेशीत त्याला वाटेत मायटोकॉन्ड्रियाची मदत घ्यावी लागते. दाराची बेल सगळ्या घरांना एकच असली तरी आत कोण आहे, जागं आहे की झोपलेलं, दाराला अडसर घातलाय की नाही, हे बेल वाजवणाऱ्याच्या हातात नसतं.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. सर्वसामान्य माणसाला एवढा तपशील कशाला? त्याला सोप्या भाषेत आशा दिली तर बिघडलं काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पदवीच्या वर्गात जीवशास्त्र शिकवताना मीही आधी सोपी साखळी फळ्यावर काढतो आणि मगच तिच्यातली गुंतागुंत सांगतो; त्याशिवाय मुलं पुढे सरकत नाहीत. पण वर्गातल्या मुलाला दुसऱ्या तासाला उरलेली गोष्ट ऐकायला मिळते. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला दुसरा तास नसतो. एका विद्यार्थ्याची आई केमोथेरपी घेत होती. त्याने मला विचारलं, "सर, ते किल स्विचचं इंजेक्शन निघालंय म्हणतात, ते येईपर्यंत केमो थांबवली तर चालेल का? फार त्रास होतो तिला." हा प्रश्न त्याच्या अज्ञानातून आलेला नव्हता. आपण त्याला जे चित्र दिलं त्याच्यावर त्याने सरळ विश्वास ठेवला होता. बटण सापडलं असेल तर वाट बघणं शहाणपणाचंच ठरतं. म्हणून अशी सोपी भाषा निरुपद्रवी नसते.

हळदीचंही हेच झालं आहे. हळदीतल्या कर्क्युमिनमुळे बशीतल्या कर्कपेशी ट्रेलसारख्या रेणूंना अधिक बळी पडतात असे निबंध भरपूर आहेत, आणि त्यांच्या जोरावर गोळ्या विकल्या जातात. पण बशीतली पेशी उघडीवाघडी, एकाकी असते. तिच्यापर्यंत पोचायला कर्क्युमिनला आतडं, यकृत, रक्त काही ओलांडावं लागत नाही, आणि शरीरात तर ते फारसं शोषलंच जात नाही. 2017 मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यात, प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करणाऱ्या दुहेरी अंध चाचण्यांपैकी एकीतही कर्क्युमिन यशस्वी ठरल्याचं दिसलं नाही. आमटीत हळद जरूर घालावी. तिच्या नावावर कुणाचे उपचार लांबणार असतील, तर मात्र गप्प बसून चालणार नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे 'हाती काय लागलं' असं विचारणाऱ्यांकडे वळतो. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा ट्रेलचा आहे आणि तो खरा आहे. ट्रेल 1995 मध्ये सापडला. 1999 मध्ये तो उंदरांतल्या गाठी आकसवतो आणि निरोगी पेशींना फारसा दुखावत नाही असं दिसलं. फासने यकृत जाळलं होतं, त्यामुळे ट्रेलवर सगळ्यांचा जीव जडला. डुलानरमिन हा बनवलेला ट्रेल, त्याच्या रिसेप्टरला चेतवणारे मापाटुमुमॅब, कोनाटुमुमॅब हे प्रतिपिंड, अशी औषधं झाली. फुप्फुसाच्या कर्करोगात केमोथेरपीसोबत दिल्यावर रुग्णांच्या हाती फारसं काही लागलं नाही. चौपट पकड असलेला एक नवा रेणू आणला, तर पहिल्या चारांपैकी तिघांच्या यकृताची विकरं वाढली आणि ती चाचणी गुंडाळावी लागली. एवढ्या वर्षांचा, एवढ्या पैशांचा हिशेब मागणं गैर कसं?

गैर नाहीच. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. त्या चाचण्या का फसल्या? डुलानरमिनचं रक्तातलं प्रमाण तासाभरातच अर्ध्यावर येत होतं. साध्या प्रतिपिंडाला दोनच हात, आणि रिसेप्टर तर तीन किंवा त्याहून जास्त एकत्र आले तरच आतलं यंत्र जुळतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट: बहुतेक चाचण्यांत रुग्णाच्या गाठीतल्या पेशींचा साठा आधी न पाहताच औषध दिलं गेलं. फ्लिप किती, झिआप किती, कॅस्पेस-8 शाबूत आहे का, ट्रेलला नुसतं अडकवून ठेवणारे फसवे रिसेप्टर किती, हे कोणी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण विचारायची गरज आहे असं वाटलंच नाही. बटण सापडलं होतं ना! ट्रेलचं अपयश हा मूलभूत संशोधन वाया गेल्याचा पुरावा नाही. बटणाच्या चित्रावर विसंबून, ते संशोधन पुरतं न ऐकता घाई केल्याचा तो पुरावा आहे. अलीकडे चित्र थोडं बदलतंय. चीनमध्ये 2023 साली मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगाच्या, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी याच कुटुंबातल्या अपोनर्मिनला मंजुरी मिळाली. कर्करोगाच्या सगळ्या रुग्णांसाठी नाही, एका आजाराच्या एका टप्प्यासाठी, इतर औषधांसोबत.

आणि टीएनएफचं पुढे काय झालं, हे 'हाती काय लागलं' विचारणारे विसरतात. टीएनएफ रुग्णाला देऊन फारसं साधलं नाही, पण तोच अभ्यास करताना कळलं की हा रेणू मरणापेक्षा दाह जास्त पेटवतो. मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी उलटा विचार केला आणि 1992 मध्ये संधिवाताच्या रुग्णांना टीएनएफ अडवणारा प्रतिपिंड दिला. ज्यांना सकाळी मूठ वळत नव्हती त्यांच्या सांध्यांची सूज उतरली. 1998 मध्ये असं पहिलं औषध क्रोन आजारासाठी बाजारात आलं. याच गटातलं अडालिमुमॅब पुढे अनेक वर्षं जगात सर्वाधिक विकलं जाणारं औषध होतं. कर्करोगाचा मारेकरी शोधायला निघालेलं विज्ञान संधिवातावर उतरलं. ही उधळपट्टी म्हणायची का?

इतिहासात याचं एक नेमकं उदाहरण आहे. 1890 मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत रॉबर्ट कॉख यांनी क्षयावर उपाय सापडल्याचं सूचित केलं. क्षयाचा जंतू शोधणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर युरोपभरातून रुग्ण बर्लिनला लोटले. उपाय म्हणजे ट्युबरक्युलिन, जंतूंचा अर्क. काही रुग्ण त्याने दगावले, बरे फारसे झाले नाहीत, आणि रुडॉल्फ विर्कोंच्या शवविच्छेदनांनी भ्रम उतरवला. तेव्हाही दोनच तट होते: चमत्कार किंवा थोतांड. पण शरीर त्या अर्काला कसा प्रतिसाद देतं, हे शांतपणे तपासणाऱ्यांनी 1907-08 मध्ये त्यातून त्वचेवरची चाचणी काढली, जी आपण आजही मँटू टेस्ट म्हणून ओळखतो. आणि इथे दोन्ही कथा एकत्र येतात. टीएनएफ अडवणारी औषधं आल्यावर 2001 मध्ये असे 70 रुग्ण नोंदले गेले की ज्यांना ती घेतल्यानंतर क्षय झाला. फुप्फुसात क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवणारी गाठ टीएनएफच्या आधारावर टिकलेली असते. तो काढला की कोंडलेला जंतू सुटतो. म्हणून आज पुण्या-मुंबईत संधिवाततज्ज्ञ हे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा रक्तातली तशीच चाचणी करून घेतात. क्षय एवढा पसरलेल्या देशात तर ती टाळताच येत नाही. उपचार म्हणून फसलेला कॉख यांचा अर्क, उपचार म्हणून फसलेल्या टीएनएफच्या विरोधी औषधाची पहारेदारी करतो आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार-19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये, म्हणजे किल स्विचच्या शोधनिबंधाच्याच महिन्यात, भारतात मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना रक्ताच्या कर्करोगाची खूण ओळखायला शिकवून परत सोडायच्या, असा हा उपचार. टी-पेशी मारतात ती एकाच पद्धतीने नाही. समोरच्या पेशीच्या डेथ रिसेप्टरला चेतवणं ही त्यांतली एक. 2020 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ल्युकेमियाच्या पेशींत फॅड किंवा बिड यांसारखे या साखळीतले दुवे नसतील तर त्या कार-टीला दाद देत नाहीत. इतकंच नाही, न मरणाऱ्या पेशींशी झुंजून टी-पेशीच थकून निकामी होतात. ज्या रुग्णांच्या कर्कपेशींत उपचाराआधीच ही जनुकं मंद होती, त्यांचा निकाल वाईट लागला.

मग आपण काय मागायला हवं? नवं बटण शोधण्याच्या घोषणा नकोत. कार-टी घेणाऱ्या प्रत्येक भारतीय रुग्णाच्या कर्कपेशींत उपचाराआधी या साखळीचे दुवे किती आणि कसे आहेत, ते मोजून जपून ठेवण्यासाठी पैसा हवा. गोठवलेले नमुने, ते सांभाळणारे तंत्रज्ञ, मोजणारे विकृतिशास्त्रज्ञ आणि त्या आकड्यांची रुग्णाच्या पुढच्या पाच वर्षांशी सांगड घालणारे संख्याशास्त्रज्ञ हवेत. या कामाला मथळा मिळणार नाही. ते एका वर्षात संपणारं नाही, आणि त्यासाठीचा निधी मंत्रालयात मागायला जाणाऱ्याला 'यातून औषध कधी निघेल' हाच प्रश्न विचारला जाईल. त्याला असं उत्तर देता यायला हवं: औषध आपल्याकडे आहे, ते कोणाच्या पेशीत चालेल हे आधी सांगता येत नाही, आणि ते सांगता आलं तर लाखो रुपये खर्चून, घरदार गहाण टाकून रुग्णालयात आलेल्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी खरं काय ते कळेल.